तिसऱ्या गाण्यातली बाई

कानाचं मशीन बसवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, येताना ओळखीचा एखादा आवाज बरोबर आणा. नुसत्या शिट्ट्या ऐकवूनही मशीन जुळवता येतं, पण माणूस त्यावर खूश होत नाही. त्याला त्याचं जग परत हवं असतं, आणि ते शिट्ट्यांत नसतं. कुणी नातवाचं बोबडं बोलणं आणतं, कुणी फाटकाची करकर, एका निवृत्त शिक्षिकेने शाळेची घंटा आणली होती. ते ऐकताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत पडद्यावरच्या रेघा वरखाली करते आणि कपाळावरच्या आठ्या गेल्या की थांबते. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला जो गृहस्थ आला तो बस डेपोत वेळापत्रकं आखायचा. पंचेचाळिशीचा, नाकासमोर चालणारा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याने फोन माझ्या स्पीकरला जोडला आणि ओशाळून म्हणाला, "जरा दणदणीत आहे हं, मॅडम." आधी पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज, मग ड्रम, मग एक माणूस बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. 'वय चौतीस, कारण पडणे. वय साठ, कारण पडणे. वय दोन, कारण माहीत नाही.' मी त्या ओरडण्याच्या पुढे पळत होते, कारण पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि ते आलंच. वाद्यं जिथे दम खायला थांबतात तिथे एक बाई अगदी घरगुती वैतागाने म्हणाली, "दूध उतू चाललंय. घरात कुणी आहे की नाही?" आणि लगेच पुन्हा तो सगळा गोंगाट. माझा हात माउसवरून सटकला, रेघ भलतीकडे गेली आणि त्याने कान धरला. "सॉरी, सॉरी," मी म्हटलं. "नाही नाही, छान येतंय," तो म्हणाला. "मॅडम, हा एवढा तुकडा नीट ऐकू यायला हवा मला. बाकीचं इकडेतिकडे झालं तरी चालेल." कोण आहे ती, असं मी विचारलं; माझा आवाज मलाच खोटा वाटला. "ते कुणालाच माहीत नाही. आम्ही तिसऱ्या गाण्यातली बाई म्हणतो." ती माझी आई होती.

आई आहे. एकोणऐंशी वर्षांची, खुटखुटीत, माझ्याच घरी. फक्त दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही काढून घेतला. आता ती गळ्यावरच्या छोट्या भोकातून श्वास घेते, वर जाळीचा रुमाल बांधते आणि जे म्हणायचं ते वहीत लिहिते. लिहायला लागल्यापासून तिचं बोलणं निम्म्यावर आलं आणि धार दुप्पट झाली. जेवताना मी फोन बघायला लागले तर ती ताटावर चमचा वाजवते आणि वही पुढे सरकवते: 'तो फोन जेवलाय का?' आमचं बरं चाललं आहे, खरंच बरं चाललं आहे. संध्याकाळी दोघी खिडकीत बसतो, समोरच्या इमारतीतल्या लोकांना नावं ठेवतो, ती लिहून आणि मी तोंडाने. एकच गोष्ट मला मधूनमधून टोचते. आवाजाच्या धंद्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, हजारो लोकांना मी त्यांच्या माणसांचे आवाज परत मिळवून दिले, आणि आईचा आवाज टिपून ठेवायचं मला एकदाही सुचलं नाही. आई काय, रोजचीच. ती फोनवर निरोप ठेवणाऱ्यांतली नव्हती, लग्नसमारंभांच्या चित्रफितींत ती कायम पडद्याआड भांड्यांच्या बाजूला. ऑपरेशननंतर मी सगळीकडे शोधलं. कुठे काही नव्हतं. एके ठिकाणी होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ते मी माझं म्हणून कुणाकडे मागणार होते?

त्या ग्रुपचं नाव 'करवत'. चौघे होते. गाणारा टपालाची वर्गवारी करायचा, ड्रमवाला शवागारात कामाला, उरलेले दोघे कारखान्यात. त्यांची गाणी म्हणजे नगरपालिकेच्या मृत्यूनोंदवहीतल्या नोंदी होत्या, नाव गाळून, वय आणि कारण. ते श्रोत्यांकडे पाठ करून गायचे. लोक आधी हसायचे, मग कुणाला तरी आपल्याच घरातलं वय आणि आपल्याच घरातलं कारण ऐकू यायचं आणि खुर्च्या फेकल्या जायच्या. तिसऱ्या कार्यक्रमानंतर बंदी आली. एका शिंप्याच्या दुकानात आम्ही सातआठ जण जमायचो, दुपारी एक ते चार, शटर अर्धं खाली. शिंप्याला आम्ही टेलर म्हणत असू आणि आमचा म्होरक्या तोच. तिथे अस्तराच्या कापडावर एक सिनेमा पाहिला होता, ज्यात एक माणूस तासभर स्वतःच्या घराच्या भिंतींचा रंग नखांनी खरवडतो आणि शेवटी खाली दुसऱ्या कुणाचं तरी घर निघतं. एक टाइप केलेली कादंबरी फिरायची, खटला भरलेली. माझ्या वाट्याला कार्बनची पाचवी प्रत आली, इतकी पुसट की खिडकीच्या काचेवर धरून वाचावी लागे. त्यातली बाई वर्षभर अंथरुणातून उठत नाही आणि मनात येईल ते सगळं बोलते, सगळं म्हणजे सगळं. मी एकवीस वर्षांची होते, वेळेवर घरी येणारी, दोन वेण्यांतून नुकतीच एका वेणीवर आलेली. ती कादंबरी खिडकीशी धरून उभी राहिले की मला घाम फुटायचा. त्यातलं सगळं मला आवडत होतं असं मुळीच नाही. पुष्कळसं किळसवाणं होतं, काही नुसतंच शेफारलेलं होतं. पण घरात, कॉलेजात, बसमध्ये माझ्याशी जे बोललं जायचं त्यात मी कुठे नसायचे, आणि त्या घाणेरड्या पानांत अधूनमधून मी असायचे. एवढंच. त्या वयात ते पुरतं.

कॅसेटचा एक नियम होता. आलेली कॅसेट उतरवून घ्यायची, उतरवलेली आपल्याकडे ठेवायची आणि आलेली पुढच्याला द्यायची. म्हणजे प्रत्येकाची नक्कल थेट मूळ कॅसेटवरूनच होणार, कुणाला शिळं मिळणार नाही. 'करवत'ने स्वतः फक्त तीन कॅसेट भरल्या होत्या. एक पोलिसांनी नेली, एक गाणाऱ्याच्या बापाने चुलीत घातली, तिसरी टेलरकडे आली आणि त्याने ती सगळ्यांत आधी मला दिली, का कुणास ठाऊक. आठ दिवसांची मुदत. सात दिवस मी ती आमच्या जुन्या टेपच्या मशीनवर अगदी हळू आवाजात ऐकली, आई भिंतीपलीकडे असायची आणि एकदाच म्हणाली होती, "कुणी मारतंय का ग त्याला?" आठव्या दिवशी शेजाऱ्यांचं मशीन मागून आणलं. दोन मशीनना जोडायची वायर कुणाकडेच नव्हती. आम्ही मशीन समोरासमोर ठेवायचो, एक गाणार आणि दुसरं ऐकणार. टेबल घरात एकच, स्वयंपाकघरात. मी भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात कपड्यांत पुरलं, गळक्या नळाला फडकं बांधलं, दोन्ही मशीनवर गोधडी घातली आणि आईला बजावलं, "पाऊण तास तोंडातून शब्द काढू नकोस. शिंकूसुद्धा नकोस. कॉलेजचं काम आहे." आई बरं म्हणाली. मी बाहेर दाराशी जाऊन बसले, कुणी घंटा वाजवू नये म्हणून. आणि तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या गाण्यात, स्वयंपाकघरातून, ते वाक्य आलं. मी तीरासारखी आत गेले. आई ओट्याशी उभी, हाताची घडी घालून. मी तिच्यावर इतकी ओरडले की तेही गाण्यात आलं असतं, पण मी आधी बटण बंद केलं होतं. शेवटचं अर्धं गाणं त्यामुळे कुठल्याच नकलेत नाही, आणि त्या तुटलेल्या शेवटावरही म्हणे लोक बोलतात. दुसरी कोरी कॅसेट नव्हती. शेजाऱ्यांना मशीन परत हवं होतं. संध्याकाळी टेलरला कॅसेट द्यायची होती. मी चार दिवस आईशी बोलले नाही, ते नंतर. त्याआधी मी जे केलं ते असं: मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवली आणि आईवाली पुढे दिली. दोन्हींवर लेबल नव्हतं. टेलरला सांगितलं, ही तुझी. त्याने बघितलंही नाही, खिशात टाकली. महिन्याभरात दुकानावर धाड आली, टेलर गाव सोडून गेला, पण कॅसेट तोवर हातोहात पुढे निघून गेली होती. आजवर जगात 'करवत' म्हणून जे काही ऐकलं जातं ते सगळं आमच्या स्वयंपाकघरातून गेलेलं आहे.

वेळापत्रकवाल्याला हे काही माहीत असायचं कारण नव्हतं. मशीन कानात घालून तो मोकळेपणी बोलत राहिला, नीट ऐकू यायला लागलं की लोक बोलतातच. दर रविवारी दुपारी चारला त्यांची बैठक असते, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. चाळीसेक माणसं येतात. बाईचं वाक्य आलं की सगळे एकसुरात म्हणतात. त्यांच्यातल्या एका प्राध्यापिकेने बाईवर चाळीस पानांचा निबंध लिहिला आहे: दूध म्हणजे दाबून ठेवलेला संताप, घर म्हणजे राज्यसत्ता आणि 'कुणी आहे की नाही' हा मृतांना विचारलेला प्रश्न. "आणि बाई? बाई कोण?" मी विचारलं. "नटी असावी. इतकं अचूक येते ती. तालीम केल्याशिवाय शक्यच नाही, मॅडम." मला हसू आवरेना, मी खाली वाकून वायर शोधत बसले. मग तो म्हणाला की आता पहिल्यांदाच रेकॉर्ड निघते आहे, रीतसर, तीनशे प्रती, छापायला पुढच्या सोमवारी जाणार. ड्रमवाला अजून आहे, त्याची परवानगी मिळाली. पण ड्रमवाला म्हणतो की बाई आमची नव्हे, आम्ही कुठल्याही बाईला घेतलं नव्हतं. म्हणजे कुठेतरी बिनबाईची मूळ कॅसेट असणार. "मिळाली तर बाई जाणार," तो म्हणाला. "वाईट वाटेल. पण मूळ ते मूळ. आपण कितीही वेडे असलो तरी त्यात फेरफार करायचा नाही." आणि खिशातलं पेन काढून त्याने मला बैठकीचा पत्ता लिहून दिला, मला आवड दिसली म्हणून.

मूळ कॅसेट माझ्या कपाटात हिवाळ्याच्या कपड्यांखाली होती. एकतीस वर्षांत मी ती तीनदा ऐकली असेन. पहिल्यांदा चोरीच्या आनंदात, दुसऱ्यांदा लग्न मोडलं त्या आठवड्यात, तिसऱ्यांदा आईच्या ऑपरेशननंतर. आणि त्या तिसऱ्या वेळी मी वाद्यं थांबतात तिथे येऊन वेड्यासारखी वाट पाहिली होती, काहीतरी येईल म्हणून. अर्थातच आलं नाही. ती चांगली कॅसेट होती ना. मंगळवार ते शनिवार मी कामावर जात होते, मशीनं बसवत होते, आठ्या घालवत होते आणि आत सारखा तोच हिशेब मांडत होते. दिली तर मी चोर ठरते; ते सोसेन, बावन्नाव्या वर्षी माणूस बरंच सोसतो. पण दिली तर आई पुसली जाते. तीनशे प्रतींवर तिचं नसणं छापलं जाईल, आणि मग हळूहळू ते जुनं, खराब, शेजाऱ्याच्या मशीनवर भरलेलं कुणी कशाला ऐकेल? न दिली तर? तर त्या ओरडणाऱ्या चौघांचं काम कायमचं माझ्या घाणेरडेपणाने डागाळलेलं राहील, आणि ज्या लोकांनी मला पुसट पानांत मी दाखवली त्यांचंच मी खाल्लं असं होईल. बुधवारी मला वाटलं, जाळून टाकावी. गुरुवारी वाटलं, निनावी पाकिटातून पाठवावी. शुक्रवारी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने आवाज म्हणून बायकोचं घोरणं आणलं होतं. बायको जाऊन चार महिने झाले होते. मशीन लागलं, घोरणं सुरू झालं आणि तो डोळे मिटून हसायला लागला, "हीच, हीच." मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

शनिवारी संध्याकाळी खिडकीत बसलो असताना मी आईला सगळं सांगितलं. टेलर, कादंबरी, अस्तरावरचा सिनेमा, अदलाबदल, चाळीस पानांचा निबंध. एकतीस वर्षांचं लपवलेलं सांगायला वीस मिनिटंही लागली नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं. आई समोरच्या इमारतीकडे बघत ऐकत होती. कादंबरीचं सांगताना मी जरा आवरतं घेतलं, तर तिने लिहिलं, 'गादीखाली होती ती ना? वाचली.' मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तिने खांदे उडवले आणि लिहिलं, 'तू कुठे बोललीस?' मग पान उलटून: 'किती माणसं येतात?' चाळीस, मी म्हटलं. 'मी येते.' मी म्हटलं, अग, तिथे गोंगाट असतो, जिना आहे, आणि कॅसेट दिली तर तुझा आवाज जाईल, शेवटचा आहे तो, कळतंय का तुला? तिने वही मिटून मांडीवर ठेवली. या बाबतीत तिला एवढंच म्हणायचं होतं.

रविवारी ती ठेवणीतले कपडे घालून, गळ्याला नवा रुमाल बांधून माझा दंड धरून तो जिना चढली. खोलीत पुठ्ठ्याचे खोके, घडीच्या खुर्च्या, भिंतीवर हाताने रंगवलेली भित्तिपत्रकं. माणसं मात्र मला वाटली होती तशी नव्हती. एक दाढीवाला दातांचा डॉक्टर, दोन नर्स, एक किराणा दुकानदार सहकुटुंब. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या अक्षरांत आईचं वाक्य छापलेलं होतं, सात जणांच्या तरी. आईने एकाच्या छातीवरचं वाचलं, मग दुसऱ्याच्या, आणि माझ्या दंडाला चिमटा काढला. वेळापत्रकवाला धावत आला, आईला पुढची खुर्ची दिली. मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते. कॅसेट पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, नियम मोडला तो मी, ही मूळ आहे, आणि ती बाई कुणी नटी नाही. आईकडे मी बोट दाखवलं नाही. तिचं तिला ठरवू दे, असं मनात होतं. "एकतीस वर्षं!" प्राध्यापिका म्हणाली. "एकतीस वर्षं तुम्ही त्यावर बसून होतात?" मी हो म्हटलं. "टेलर मेला ते ठाऊक आहे? शेवटपर्यंत म्हणायचा, शेवटचा तुकडा माझ्याच हातून पुसला गेला." ते मला ठाऊक नव्हतं. ते दुःख अजून माझ्याकडे आहे, ते कुणाला देता येणार नाही. कुणीतरी मला खुर्ची दिली. वेळापत्रकवाल्याने कॅसेट उचलली, पेन घालून सैल फीत ताणून घेतली आणि मशीनमध्ये घातली.

स्वच्छ 'करवत' भयंकर होती. गोधडीशिवाय, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतींशिवाय. पत्र्यावरचं घासणं दातांत शिरत होतं, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. लोक पुढे वाकून बसले होते. एकतीस वर्षं ज्याची नक्कल ऐकली ते खरं समोर होतं आणि त्यांचे चेहरे मी गिऱ्हाइकांचे बघते तसे बघत होते, कुणाच्या आठ्या जात होत्या, कुणाच्या पडत होत्या. दुसरं गाणं संपलं. तिसरं. वय चौतीस. वय साठ. सवयीने सगळ्यांनी श्वास घेतला, आणि मग मूळ कॅसेटच्या आदराने कुणीच बोललं नाही. वाद्यं थांबली. पोकळ, कोरडी, दोन सेकंदांची जागा. मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ऐन जागेवर, घाई नाही, उशीर नाही. तिचं वाक्य संपलं आणि वाद्यं सुरू झाली. गळ्यावरचा रुमाल नुसता फडफडला. दातांच्या डॉक्टरने ते पाहिलं, त्याने शेजारच्या नर्सला कोपराने ढोसलं, आणि गाणं संपायच्या आत अर्धी खोली वळून आईकडे बघत होती.

फीत थांबली. मग एकदम सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणे हीच छापा, कुणी म्हणे जुनीच, प्राध्यापिका म्हणाली की काहीही असो, बाई हा शेवटी अपघातच होता, अपघाताला कलाकृतीत जागा नाही, आणि हे बोलताना तिचा आवाज चिरकला, कारण चाळीस पानं तिची होती. वेळापत्रकवाला माझ्यापाशी आला. "मॅडम, तुम्हीच सांगा. ते दूध..." आईने चमचा आणला नव्हता, तिने खुर्चीच्या लोखंडी पाठीवर बांगडी आपटली. सगळे वळले. तिने वही काढली, मांडीवर ठेवून सावकाश लिहिलं आणि माझ्या हातात दिली. चाळीस माणसांना ऐकू जावं म्हणून मला ते उभं राहून मोठ्याने वाचावं लागलं, आईचं बोलणं माझ्या तोंडून: "दूध नव्हतंच त्या दिवशी. सात दिवस भिंतीपलीकडून ऐकत होते. बिचारे एकामागून एक मेलेले सांगतायत आणि मध्ये कुणी काही म्हणत नाही. त्या जागी घरातलं कुणीतरी बोलायला हवं होतं."

मी खाली बसले. ओट्याशी हाताची घडी घालून उभी असलेली ती बाई मला आता दिसली, अठ्ठेचाळीस वर्षांची, गॅस बंद, पातेलं पालथं, आपली वेळ येण्याची वाट बघत. आणि मी तिला ओरडत होते, तेव्हा ती एक अक्षर बोलली नव्हती. इतका आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता. प्राध्यापिकेने चष्मा काढून पुसला. "म्हणजे तालीम होती," ती पुटपुटली. वेळापत्रकवाला टेबलाशी गेला, रेकॉर्डच्या मागच्या बाजूचा छापायचा मजकूर घेऊन आला. त्यावर चौघांची नावं एकाखाली एक होती, प्रत्येकापुढे त्याचं वाद्य. खाली मोकळी जागा होती. त्याने खिशातलं पेन काढून आईपुढे धरलं. "आजी, इथे तुमचं नाव."

आईने कागद गुडघ्यावर सरळ केला. तिने नाव लिहिलं, आडनाव लिहिलं आणि पेन परत दिलं. मी वाकून पाहिलं. बाबांचं नव्हतं, माझं नव्हतं. लग्नाआधीचं होतं. तिच्या हातचं ते मी पहिल्यांदाच बघत होते.